चार काड्यांचा आकडा

आत्याला सगळे आत्याच म्हणायचे. कारखान्यातले सुतार म्हणायचे, लाकूड टाकायला येणारा ट्रकवाला म्हणायचा, आणि कहर म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊसुद्धा तिला आत्याच म्हणायचा. त्याला मुलगी झाली, "ही बघ कोण आली, आत्या आली" असं तो त्या तान्ह्या पोरीला सांगत सुटला, आणि बहिणीचं खरं नाव त्याच्या तोंडून जे गेलं ते गेलंच. तिनंही ते परत मागितलं नाही.

सुतारकामाचा कारखाना दोघा भावंडांचा, वडलांनी मागे ठेवलेला. जुने जिने, जुनी कपाटं, जुन्या छपरांची लाकडं उकलायची, किडलेलं बदलायचं आणि परत होतं तसं उभं करायचं, हा त्यांचा धंदा. दादा कापायचा, तासायचा, जोडायचा आणि दिवसभर ओरडायचा. आत्या खुणा करायची.

"नुसत्या खुणा?" असं तिला विचारायची चूक एका नव्या सुतारानं केली होती. आत्यानं त्याला एक उकललेलं कपाट दाखवलं, त्यावरच्या खुणा कागद चिकटवून झाकून टाकल्या आणि म्हणाली, "जोड." संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्यानं जे उभं केलं त्याला दार होतं, पण ते मागच्या बाजूला होतं. पुढे तो आत्याचा निस्सीम भक्त झाला, ती गोष्ट वेगळी.

खुणा म्हणजे आकडे, आणि तेही रोमन. त्यात काही थाटमाट नव्हता. छिन्नीला वळण घेता येत नाही, सरळ घाव मारता येतो, म्हणून रोमन. एक उभा घाव म्हणजे काडी, म्हणजे एक. दोन तिरके घाव खाली टेकले की चिमटा, म्हणजे पाच. एकमेकांवरून गेले की फुली, म्हणजे दहा. बस्स, संपला अभ्यास. चार म्हणजे चार काड्या. नऊ म्हणजे चिमटा आणि पुढे चार काड्या. सगळी बेरीज, वजाबाकीचं नावच नाही. तुकडा सुलटा धरा, उलटा धरा, हाताला लागतील तेवढे घाव मोजा आणि बेरीज करा. दादा तर जिन्याखाली उताणा पडून अंधारात नुसत्या अंगठ्यानं चाचपायचा आणि "फुली, चिमटा, काडी, सोळा!" असं आतून ओरडायचा. त्याचा अंगठा कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आणि आत्याचा घाव! तिची काडी म्हणजे पट्टी लावून मारल्यासारखी. एका ठोक्यात एक, दुसरा ठोका मारला तर तिला अपमान वाटायचा.

अशी ही आत्या, आणि एका थंडीत तिचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी तिला वाटलं, गारठा आहे. मग वाटलं, चहा जास्त होतोय. चहा सोडला, तर हात थरथरायचा तो थरथरायचाच आणि वर डोकं दुखायला लागलं, म्हणून चहा परत सुरू केला. पुढे उन्हाळा आला आणि गारठ्याचं निमित्तही गेलं. काडी मारायला जावं तर छिन्नी ऐन वेळी मान हलवायची. डॉक्टरांनी हात उलटासुलटा बघितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही, वयानं होतं कधीकधी. आता जरा आराम करा."

आराम! आत्याला त्या शब्दाची इतकी धास्ती होती, की साप म्हटलं असतं तरी ती एवढी दचकली नसती. दादाला कळलं, की तो काय म्हणणार हे तिला पाठ होतं. "पुष्कळ केलंस, आता घरी बस." अगदी प्रेमानं म्हणेल, तेच तर वाईट. रागानं म्हणाला असता तर भांडता आलं असतं. प्रेमानं घरी बसवलेल्या माणसाला भांडायला जागाच राहत नाही. आणि घरी बसून करायचं काय? तिनं लग्न केलं नव्हतं, कारखान्याच्या वरच्या खोलीत ती राहायची, आणि सकाळी पहिला करवतीचा आवाज आला की तिला आपण जिवंत आहोत असं वाटायचं. खुणा गेल्या म्हणजे आत्या गेली, उरली ती नुसती म्हातारी. तेव्हा तिनं ठरवलं, हाताचं कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

कारखान्याच्या कोपऱ्यात एक कोरायचं मशीन होतं. दारावरच्या नावाच्या पाट्या कोरायला म्हणून घेतलेलं. कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायची, मशीनखाली लाकूड ठेवायचं, की सुई घर्रर्र करत तीच अक्षरं कोरायची. दादा त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. आत्या मात्र एक दिवस तो साइटवर गेल्यावर मशीनपुढे जाऊन बसली. तीन लिहायचं होतं, म्हणजे तीन काड्या. तिनं कीवर बोट टेकवलं, बोट थरथरलं, आणि पडद्यावर सात काड्या उमटल्या. पुसल्या, परत लिहिल्या. पाच उमटल्या.

"या कीबोर्डला उचकी लागलीय," ती भाचीला म्हणाली.

भाची म्हणजे दादाची तीच ती मुलगी. आता ती कॉलेजात पोरांना कॉम्प्युटर शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्यात येऊन आत्याचं डोकं खायची. "कीबोर्ड ठीक आहे गं," ती म्हणाली. "पण तुला एवढं टाइप कशाला करायचंय? प्रोग्राम लिही ना. एकदा आकडा दिलास की तो बसेल काड्या मोजत. मी शिकवते."

"मला येईल?"

"माझ्या वर्गात येऊन बघ. तिथं ज्यांना येतं त्यांना बघितलंस तर तुला धीर येईल."

झालं, आत्या शिकायला बसली. हात थरथरतो म्हणून शिकतेय हे तिनं सांगितलं नाही, सहज हौस म्हणून असं भासवलं. भाचीनं समजावलं, ते आत्याला फारच ओळखीचं वाटलं. दोन रांगा मांडायच्या. एका रांगेत दहा, पाच, एक. दुसऱ्या रांगेत फुली, चिमटा, काडी. मग कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, आकडा दहाहून मोठा आहे का बघ. असेल तर एक फुली लिही आणि दहा वजा कर. परत बघ. दहा बसेनासे झाले की पाचाकडे ये, मग एकाकडे.

"म्हणजे नव्या सुताराला सांगतो तसंच सांगायचं," आत्या म्हणाली.

"नव्या सुतारापेक्षा जास्त. हा स्वतःच्या मनानं श्वाससुद्धा घेत नाही."

पहिल्याच दिवशी आत्या वजा करायला सांगायचं विसरली. तेवीस आकडा दिला आणि कॉम्प्युटरनं फुल्या लिहायला सुरुवात केली. एक फुली, दोन फुल्या, दहा फुल्या, पडदा भरला, वर सरकला, परत भरला. "अगं थांबव त्याला! अगं लाकूड पुरणार नाही!" असं ओरडत आत्यानं भिंतीतली वायरच उपटली, आणि भाची हसून हसून खुर्चीवरून खाली आली. दुसऱ्या दिवशी वेगळीच तऱ्हा. एक हा आकडा दिला तर कॉम्प्युटर मख्खासारखा गप्प, आणि दहा दिला तर नऊ लिहून मोकळा. बराच वेळ दोघी डोकं धरून बसल्या. मग आत्याच म्हणाली, "आपण त्याला 'मोठा आहे का' असं विचारतोय. दहा हा दहाहून मोठा नसतोच मुळी. बरोबरीचा असला तरी चालेल असं कुठं सांगितलंय आपण?" भाचीनं टाळ्या वाजवल्या. आत्या असं तोंड करून बसली, जणू हे रोजचंच आहे. पण वर खोलीत गेल्यावर ती आरशात बघून स्वतःशीच हसली, हे मी तुम्हाला सांगतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रोग्राम बिनचूक चालायला लागला. चार म्हटलं की चार काड्या, नऊ म्हटलं की चिमटा आणि चार काड्या, अगदी वडलांनी शिकवलेले. आत्याच्या जिवात जीव आला. इथंच थांबायचं की नाही? पण नाही.

"आत्या, तुझा चार चुकलाय," भाची म्हणाली.

"काय चुकलाय?"

"चार काड्या नसतात गं. चिमट्याच्या आधी एक काडी. पाचातून एक गेला, चार. आणि नऊ म्हणजे फुलीच्या आधी काडी. IV आणि IX. सगळ्या जगात असंच लिहितात."

आत्याचा चेहरा पडला. म्हणजे आपण जन्मभर चार चुकीचा लिहितोय? आणि वडीलसुद्धा? गावभरातल्या जिन्यांखाली, कपाटांमागे, छपरांवर तिचे चुकीचे चार आणि चुकीचे नऊ बसलेत, आणि कुणी कधी बोललं नाही! तिला इतकी लाज वाटली, की तिनं त्याच बैठकीत रांगेत दोन भर टाकल्या. दहाच्या आणि पाचाच्या मधे नऊ, पाचाच्या आणि एकाच्या मधे चार. प्रोग्राम चालवून बघितला. पडद्यावर नवेकोरे, शिकलेसवरलेले आकडे उमटले.

"वा आत्या! आता कसं अगदी पुस्तकातल्यासारखं!"

आत्याची मान ताठ झाली. एकदा आपलं बरोबर आहे असं वाटलं, की त्या बाईला कुणी अडवू शकत नसे.

त्याच सुमारास वाचनालयाच्या जिन्याचं काम आलं. वळत वर जाणारा लाकडी जिना, वीस-बावीस पायऱ्या, आणि वळणामुळे प्रत्येक पायरी वेगळ्या आकाराची. पायऱ्या पार किडलेल्या, त्यामुळे सगळ्या नव्या करायच्या. कारखान्यात एकेक पायरी तयार झाली की ती आत्याकडे यायची, आत्या तिच्या पोटाशी आकडा घालायची. म्हणजे असं दादाला वाटायचं. खरं तर तो आणि त्याची माणसं वाचनालयात खांब बसवायला गेली, की आत्या मशीनखाली पायरी सरकवायची, मोजून एक बोट एका कीवर टेकवायची आणि बाजूला उभी राहायची. पुढचा आकडा प्रोग्राम आपणच घ्यायचा, त्यामुळे बोट थरथरलं तरी बिघडायचं नाही. घर्रर्र. झालं. मग भुसा फुंकून टाकायचा आणि छिन्नी-हातोडी शेजारी अशी मांडून ठेवायची, की बघणाऱ्याला वाटावं बाईनं आत्ताच कपाळाचा घाम पुसलाय.

पहिली पायरी दादानं न्यायला घेतली तेव्हा खुणेवरून अंगठा फिरवला. "आत्या! काय हात चाललाय गं तुझा!" तो म्हणाला. आत्यानं "हं" केलं आणि विनाकारण झाडू हातात घेतला.

पायऱ्या गेल्या. दोन दिवसांनी, ऐन दुपारी, आत्याचा फोन वाजला. पलीकडून दादाचा आवाज इतका मोठा आला, की फोन नसता तरी ऐकू आला असता.

"चौथी पायरी कुठाय?"

"तिकडेच आहे की."

"इथं नाही! तिसरी आहे, पाचवी आहे, चौथी नाही! सहाव्या दोन आहेत!"

"दोन कशा असतील?"

"तेच विचारतोय मी! सहाव्या दोन, अकराव्या दोन, सोळाव्या दोन, एकविसाव्या दोन! आणि चौथी नाही, नववी नाही, चौदावी नाही, एकोणिसावी नाही! कुणीतरी टेम्पोतून पळवल्यात. ती ग्रंथपालबाई उद्या दार उघडणार म्हणून माझ्या डोक्यावर बसलीय, आणि इथं सुतार एकमेकांना चोर ठरवतायत!"

आत्याला एका क्षणात सगळं दिसलं. चिमट्याआधी काडी. दादा खाली उताणा पडलेला, अंधारात अंगठा फिरवतोय. चिमटा, काडी. पाच आणि एक, सहा. फुली, काडी. अकरा. त्याच्या अंगठ्यानं जन्मात कधी वजाबाकी केली नव्हती. आणि तिनं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, आकडे का बदललेस, आणि मग एकातून एक निघत निघत हातापर्यंत आलं असतं.

सुट्टी असल्यानं भाची कारखान्यातच होती. तिनं गाडी काढली. वाटेत आत्यानं तिला सगळं सांगितलं. हातासकट सगळं. भाचीनं गाडी हळू केली, मग रस्त्यात एका बाजूला थांबवलीच.

"आणि मी म्हणत होते, कीबोर्ड ठीक आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आत्या, IV बरोबरच आहे गं."

"बरोबर आहे, पण तुझ्या बापाच्या अंगठ्याला कोण सांगणार? चल आता, नाहीतर तिथं डोकी फुटतील."

वाचनालयात खरंच तशीच वेळ आली होती. मिशीवाला सुतार टेम्पोवाल्याच्या नावानं बोटं मोडत होता. ग्रंथपालबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. जिना तिसऱ्या पायरीपर्यंत येऊन थांबला होता, आणि त्याच्या पोटाखालून दादाचे दोन पाय बाहेर आलेले दिसत होते.

"कुणी काही चोरलं नाही," आत्या म्हणाली. "ती सहावी म्हणताय ना, तीच चौथी आहे. काडी आधी आणि चिमटा नंतर असेल तर चार. पुस्तकात तसंच असतं."

पाय हलले, मग दादा सरपटत बाहेर आला. केसांत भुसा, नाकावर भुसा. "पुस्तकात? माझ्या खुणा पुस्तकात बघून करतेस तू? बाबांनी चार काड्या सांगितल्या, आपण चार काड्या मारल्या, आज तुला पुस्तक आठवलं?"

"चुकलं माझं."

दादा आणखी ओरडणार होता, पण आत्या चुकलं म्हणाली याचाच त्याला इतका धक्का बसला, की तो गडबडला. हे वाक्य त्यानं तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं होतं. त्यानं खिशातून छिन्नी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"असू दे. हे घे, आणि ही खूण तासून चार काड्या मार. उद्या आपण नसू, कुणीतरी हा जिना उकलेल आणि असाच बोंबलत बसेल. माझ्यासमोर मार, म्हणजे पुढच्या लगेच बसवतो."

सगळे बघत होते. भाचीनं "बाबा, मी सांगते" असं काहीतरी सुरू केलं, तर आत्यानं तिला हातानं थांबवलं. त्याच हातानं, आणि तो हात सगळ्यांसमोर हवेत थरथरत राहिला.

"नाही मारता येणार मला," आत्या म्हणाली. "हात थरथरतो माझा. थंडीपासून. या खुणा मी केलेल्या नाहीत. मशीननं केल्यात. मी फक्त त्याला शिकवलं, आणि तेसुद्धा चुकीचं शिकवलं."

मिशीवाला सुतार हळूच खिडकीपाशी गेला आणि बाहेरची झाडं बघायला लागला. ग्रंथपालबाईंनाही एकदम कुठलंतरी कपाट बंद करायची आठवण झाली.

दादा तिच्या हाताकडे बघत राहिला. ती वाट बघत होती. आता म्हणेल. आता प्रेमानं म्हणेल, घरी बस. तिनं डोळे मिटून घेतले, तर तिला पायरी सरकवल्याचा आवाज आला. दादानं चौथी पायरी ओढून उलटी केली होती आणि तिच्याशेजारी जमिनीवर मांडी ठोकली होती. आयुष्यभर त्यानं छिन्नी चालवली होती, पण खूण एकही मारली नव्हती, ती कुठं टेकवायची इथपासून त्याची तयारी.

"इथं?"

"अजून वर."

त्यानं ठोका मारला. काडी निम्म्यात वाकली आणि दारू प्यायल्यासारखी एका बाजूला गेली. आत्याला राहवलं नाही. "अरे, ही काडी आहे की गांडूळ?"

"गप बस," दादा म्हणाला. पण तो वर बघत नव्हता. "थंडीत एका कपाटावरच्या तुझ्या खुणा हाताला लागल्या होत्या मला. वाकड्या. तुझी काडी अशी नसते, मला कळत नाही का? बोललो नाही. म्हटलं, तिला विचारलं तर ती तुटेल. मग या पायऱ्या आल्या. अंगठा फिरवला तर सगळ्या सरळ. एकदम सरळ, जुन्यासारख्या." त्यानं नाक पुसलं, भुसा सगळ्या गालाला लागला. "मला वाटलं, तू बरी झालीस. घरी जाऊन तुझ्या वहिनीला सांगितलं मी, आत्याचा हात बरा झाला म्हणून. ती रडली गं आनंदानं. मीपण."

आत्या त्याच्याशेजारी खाली बसली आणि तिनं पायरी दोन्ही हातांनी घट्ट धरली, म्हणजे ती हलू नये. तिच्या हाताबरोबर पायरीही थोडी थरथरत होती, पण दादानं ती तशीच धरू दिली आणि छिन्नी पुढे टेकवली.

"आता उद्या सकाळी त्या मशीनला नीट शिकव," तो म्हणाला. "मला दर वेळी हे जमणार नाही. आणि इथं कितीवी काडी ही?"

"दुसरी," आत्या म्हणाली. "अजून दोन. आणि सरळ मार, बाबा बघतायत असं समज."